बी.एस्सी.चा खर्च, शिष्यवृत्तीचे पैसे आणि उन्हाळ्यातले आठ आठवडे

बारावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेली मुलगी इंजिनिअरिंग-मेडिकलची वाट सोडून बी.एस्सी. करायचं म्हणते, तेव्हा घरात नोकरीची चर्चा रात्र रात्र चालते. खर्चाची चर्चा मात्र पाच मिनिटांत आटोपते. बी.एस्सी. स्वस्त, फी भरू, त्याला शिष्यवृत्ती कशाला, असा बहुतेक घरांतला समज. अनुदानित तुकडीची फी पाहिली तर तो खराही वाटतो. कॉलेजागणिक आकडा बदलतो, तरी अनुदानित तुकडीत वर्षाचे आठ-दहा हजार धरून चालावं. विनाअनुदानित तुकडीत पंचवीस-तीस हजारांपासून पुढे कितीही.

खरा खर्च फीच्या बाहेर आहे. लातूर, जळगाव किंवा सिंधुदुर्गातून पुण्याला येणाऱ्या विद्यार्थ्याचा काटकसरीचा हिशेब मांडू. कॉट बेसिसवर जागा महिना साडेचार हजार, मेस बत्तीसशे, बसपास, मोबाइल, साबण-तेल आणि किरकोळ मिळून दीड हजार. महिन्याचे झाले बाण्णवशे. दहा महिन्यांचे ९२,००० रुपये. त्यात फीचे नऊ हजार, पुस्तकं, जर्नल, ॲप्रन आणि प्रयोगशाळेची अनामत यांचे चार हजार मिळवा. एक लाख पाच हजार. हा माझा अंदाज आहे. मुंबईत तो वाढेल, कोल्हापूर किंवा अमरावतीत उतरेल. ‘स्वस्तातल्या’ पदवीची तीन वर्षं म्हणजे तीन लाखांहून जास्त, हे घरच्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावं. मग शिष्यवृत्तीचा अर्ज ‘मिळाली तर मिळाली’ अशा बेफिकिरीने भरला जाणार नाही.

या खर्चात आणखी एक गोष्ट धरलेली नाही, आणि विज्ञान शिकणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते: उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या खऱ्या संशोधन प्रयोगशाळेत काढलेले सहा-आठ आठवडे. त्याचा हिशेब पुढे येईलच.

इन्स्पायर: ऐंशी हजारांची फोड

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००८ साली इन्स्पायर कार्यक्रम सुरू केला. त्यातली उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आजही सगळ्यांत मोठा आधार आहे. सगळीकडे छापून येतो तो आकडा वर्षाला ८०,००० रुपये. त्याची फोड अशी: महिन्याला ५,००० प्रमाणे वर्षाचे ६०,००० राहण्या-शिकण्यासाठी आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. कमाल पाच वर्षं, म्हणजे बी.एस्सी. आणि पुढे एम.एस्सी.पर्यंत ती चालू राहू शकते. पालकांच्या उत्पन्नाची अट नाही. अर्ज फुकट आहे. ‘प्रोसेसिंग’च्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर ते सरकारकडे जात नाहीत.

ही कोणाला मिळते? आपल्या बोर्डाच्या बारावीच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना, किंवा जेईई अथवा नीटमध्ये पहिल्या दहा हजारांत क्रमांक असलेल्यांना, ऑलिम्पियाड पदकविजेत्यांना. बारावी त्याच वर्षी उत्तीर्ण झालेली हवी, वय १७ ते २२. वरच्या एक टक्क्याची गुणांची रेषा बोर्डागणिक आणि वर्षागणिक बदलते. म्हणून शेजारच्या सीबीएसईच्या मुलाला इतके टक्के लागले, आपले कमी आहेत, अशी तुलना करून अर्ज सोडून देऊ नये. राज्य मंडळाची त्या वर्षीची रेषा पाहावी.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती विषयात. योजनेच्या यादीत १८ विषय आहेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायन, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे. बायोटेक्नॉलॉजी आणि कॉम्प्युटर सायन्स त्यात नाहीत. एखाद्या मुलीचा बायोटेक आणि मायक्रोबायोलॉजी यांत निर्णय होत नसेल, तर अर्ज भरायच्या आधी, प्रवेश घेतानाच हे माहीत असायला हवं. केवळ शिष्यवृत्तीसाठी विषय बदलावा असं मी म्हणणार नाही. पण या दोन विषयांत तिची आवड सारखीच असेल, तर पाच वर्षांचे चार लाख ही लहान गोष्ट नाही.

पैसे कधी येतात, हे जाहिरातीत नसतं. ‘महिना ५,०००’ असं लिहिलेलं असलं तरी दर महिन्याला खात्यात काही पडत नाही. वर्षाची परीक्षा होते, गुणपत्रिका आणि कॉलेजचा प्रगती अहवाल पोर्टलवर चढवावा लागतो, तो तपासला जातो आणि मग रक्कम एकगठ्ठा येते. पहिल्या वर्षाचे पैसे दुसऱ्या वर्षात गेल्यावर हाती पडणं हे नेहमीचं. शिष्यवृत्ती चालू राहायला किमान ६० टक्के किंवा ६ सीजीपीए लागतो. म्हणून घरच्यांनी पहिलं वर्ष पूर्णपणे आपल्या खिशातून निघेल असं धरूनच बसावं. इन्स्पायरच्या भरवशावर जागेचं भाडं ठरवलेली मुलं दिवाळीनंतर मित्रांकडून उसने घेताना दिसतात. दोष त्यांचा नाही, त्यांना कोणी वेळेवर सांगितलेलं नसतं.

जुन्या मार्गदर्शन पुस्तकांत अजून केव्हीपीवायचं, म्हणजे किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेचं नाव सापडेल. १९९९ साली सुरू झालेली ती सुंदर योजना २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. तिची स्वतंत्र परीक्षा आता होत नाही. तिच्या तयारीचे वर्ग कोणी विकत असेल तर दूर राहा.

एक टक्क्यात नाही, मग?

बहुतेक मुलं नसतातच. त्यांच्यासाठी केंद्राची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आहे, तिचं आताचं नाव पीएम-यूएसपी. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर अर्ज करायचा. बारावीला आपल्या बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२,०००, पदव्युत्तरला २०,०००. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. बारा हजार ही रक्कम मेसच्या जवळजवळ चार महिन्यांची, पण ती तीन वर्षं येते आणि अट आवाक्यातली आहे. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के नव्हे. तुमच्या बोर्डात परीक्षेला बसलेल्यांपैकी वरच्या वीस टक्क्यांत तुम्ही असलात की झालं. हा फरक न कळल्याने कितीतरी पात्र मुलं अर्जच करत नाहीत.

राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांची निम्मी फी शासन देतं. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, भटक्या-विमुक्त यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. हे बहुतेकांना ठाऊक असतं, कॉलेजचे शिष्यवृत्ती लिपिकही आठवण करतात.

राहण्याच्या खर्चाची योजना मात्र मागे राहते. तिच्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आपला खरा खर्च तिथेच आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर बाहेर राहून शिकण्यासाठी भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळतो. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० (भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००), इतर महापालिका शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वसतिगृहाचा अर्ज आधी करावा लागतो, कारण ‘प्रवेश मिळाला नाही’ हे दाखवल्याशिवाय पुढची पायरी येत नाही. गावातला मुलगा थेट मित्राच्या खोलीवर राहायला जातो आणि हा अर्ज राहून जातो. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिच्या अटी वेगळ्या, त्या जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात.

पुण्यात शिकायला येणाऱ्यांनी आणखी एक दार ठोठवावं. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये उभी केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींना अत्यल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय देते. आणि विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना. ग्रंथालयात, विभागात किंवा प्रयोगशाळेत तासाच्या हिशेबाने काम. रसायनशास्त्र विभागात द्रावणं भरून ठेवणारा, काचसामान धुणारा कमवा-शिकाचा विद्यार्थी हळूहळू उपकरणंही हाताळायला लागतो. प्राध्यापकांना त्याचं नाव माहीत होतं. पुढे शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा याची किंमत कळते.

खासगी मदतीतल्या दोन नोंदी. लॉरिअलची ‘यंग विमेन इन सायन्स’ ही शिष्यवृत्ती २००३ पासून भारतात आहे: बारावीला पीसीएम किंवा पीसीबीत ८५ टक्के, कुटुंबाचं उत्पन्न सहा लाखांपर्यंत असलेल्या मुलींना पदवीच्या काळात अडीच लाखांपर्यंत. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती कोणत्याही शाखेच्या पहिल्या वर्षातल्या ५,००० विद्यार्थ्यांना, दोन लाखांपर्यंत. त्यासाठी ऑनलाइन चाचणी असते.

दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकाच वेळी सहसा घेता येत नाहीत. जिथे शंका असेल तिथे कॉलेजकडून लेखी उत्तर घ्या. नंतर वसुलीची नोटीस येण्यापेक्षा ते बरं.

दाखले आणि बँकखातं

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून निघतो. शुल्काचा फलक तिथे लावलेला असतो, तेवढेच द्यावेत आणि पावती घ्यावी. शैक्षणिक कामासाठीच्या जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक लागत नाही. हे राज्य शासनाने २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरीही कुठे स्टॅम्प पेपर आणायला सांगितलं तर तहसील कार्यालयात विचारा. पाचशे रुपये म्हणजे मेसचे पाच दिवस.

खात्याची अडचण जास्त गुंतागुंतीची. शिष्यवृत्ती आता आधार क्रमांकावरून जमा होते. बँकेतले साहेब ‘तुमचं खातं आधारला लिंक आहे’ असं सांगतात, ते खरंही असतं, तरी पैसे येत नाहीत. कारण पैसे जातात ते एनपीसीआयच्या, म्हणजे राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, नोंदीत शेवटी जोडलेल्या खात्यात. एका आधारला असं एकच खातं असतं. मोबाइलचं सिम घेताना दुकानात अंगठा देऊन उघडलं गेलेलं पेमेंट बँकेचं खातं कित्येकांच्या नावावर आहे, आणि पैसे तिकडे जाऊन पडलेले असतात. ‘माय आधार’ पोर्टलवर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग’ पाहिलं की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. अर्ज भरण्याआधी हे पाहून घ्या. बँक चुकीची असेल तर आपल्या खात्याच्या शाखेत आधार सीडिंगचा अर्ज द्या.

खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर आणि पूर्ण केवायसी झालेलं हवं. पूर्ण केवायसी नसलेल्या ‘लहान खात्या’त शिल्लक ५०,००० पर्यंतच ठेवता येते. साठ हजार एकदम येणार असतील तर ते अडकू शकतात. नावाचंही तसंच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, आधारवर मागे. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. पोर्टलवर ‘दहावीप्रमाणे’ म्हटलं असेल तिथे दहावीप्रमाणे आणि ‘आधारप्रमाणे’ म्हटलं असेल तिथे आधारप्रमाणे भरा. आणि महाडीबीटीचा अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला की काम संपलं असं समजू नका, लॉगिन करून पुढची पायरी बाकी आहे का ते पाहत राहा.

आठ आठवड्यांचा हिशेब

आता संशोधनाकडे. इन्स्पायरमधले ते वीस हजार प्रकल्प पूर्ण करून, अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र सादर केल्यावरच मिळतात. अनेक जण प्रकल्पच करत नाहीत. ‘गावाकडून कुठे जाणार, राहणार कुठे’ म्हणून सुट्टी घरी जाते आणि वीस हजारांवर पाणी सोडलं जातं. पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. सायनाइडचा किंवा प्रकाशाच्या विवर्तनाचा धडा वाचलेली मुलगी आणि महिनाभर एकाच नमुन्याचा आलेख जुळत का नाही म्हणून रात्री डोकं खाजवलेली मुलगी, या दोघींत फार फरक पडतो. एम.एस्सी.च्या मुलाखतीत तो पहिल्या दोन प्रश्नांत दिसतो.

पुण्यातल्या एखाद्या संस्थेत आठ आठवडे काढायचे तर: जागा दोन महिन्यांची दहा हजार, मेस साडेसहा हजार, बस बाराशे, गावाहून येणं-जाणं हजार, अहवालाची छपाई-बांधणी पाचशे. एकोणीस हजार दोनशे. म्हणजे वीस हजारांत बसतं. फक्त ते आधी खिशातून जातात, शिवाय जागेची एका महिन्याची अनामत हाताशी हवी. पंचवीस हजारांची तजवीज डिसेंबरपासून सुरू करावी. संस्थेच्या वसतिगृहात जागा मिळाली तर खर्च दहा-बारा हजारांवर येतो, म्हणून होकार येताच दुसरा मेल वसतिगृहासाठी करायचा. काही ठिकाणी पाहुण्या विद्यार्थ्यांकडून ‘बेंच फी’, म्हणजे प्रयोगशाळा वापरण्याचं शुल्क, घेतात. ती किती, हे आधीच विचारावं.

इन्स्पायर नसलेल्यांनाही हा रस्ता खुला आहे, आणि काही वेळा जास्त सोयीचा. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, विद्यावेतन आणि रेल्वेभाडं. अर्जाची मुदत बहुधा नोव्हेंबरअखेर संपते, म्हणजे मुलांना उन्हाळ्याची आठवण येण्याच्या कितीतरी आधी. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस कार्यक्रम २००४ पासून आहे. पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांना शिबिराला बोलावतात, राहण्या-प्रवासाचा खर्च केंद्र उचलतं आणि निवडलेल्यांना पुढे एक-दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये प्रकल्प करता येतो. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात रसायन आणि जीवशास्त्राचे असेच कार्यक्रम आहेत, सलग तीन उन्हाळ्यांचे. खगोलाची ओढ असलेल्यांसाठी पुण्यात आयुका आणि एनसीआरए मिळून हिवाळी रेडिओ खगोलशास्त्र शाळा घेतात.

माझा आग्रह एनआययूएससाठी आहे. त्याचं नाव मोठं म्हणून नव्हे. तिथे काम एका उन्हाळ्यात संपवायची घाई नसते, आणि लहान गावातल्या कॉलेजातून आलेल्या मुलांना सावरायला वेळ मिळतो.

बाकी मार्ग मेलचा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था, आयसर पुणे, गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. अशा ठिकाणच्या शास्त्रज्ञांना जानेवारीत लिहायचं. दीडशे शब्द पुरेत: मी कोण, कोणत्या वर्षाला, तुमच्या प्रयोगशाळेतलं नेमकं कोणतं काम वाचलं आणि त्यातलं काय कळलं नाही, कोणत्या तारखांना येऊ शकते, आणि राहण्याच्या खर्चाची माझी सोय कशी आहे. हे शेवटचं वाक्य बहुतेक मुलं लाजून लिहीत नाहीत. ते लिहिलं की समोरच्याचा निर्णय सोपा होतो. एकच मेल पन्नास जणांना एकदम पाठवू नये. आणि उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी.

एक धोका अलीकडे वाढला आहे: ‘रिसर्च इंटर्नशिप’ विकणाऱ्या खासगी जागा. तीन-चार आठवड्यांचे ऑनलाइन वर्ग, शेवटी रंगीत प्रमाणपत्र, फी पाच-दहा हजार. शिकवणीवर्ग म्हणून कोणाला घ्यायचा असेल तर घ्यावा, पण त्याला संशोधन समजू नये. संशोधन संस्था विद्यार्थ्याकडून शिकवण्याची फी घेत नाही.

चौथं वर्ष

नव्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांनंतर चौथं वर्ष घेऊन ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी मिळवायची सोय केली. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. खर्चाच्या बाजूने पाहता आणखी एक लाख, पण पुढची एम.एस्सी. एका वर्षाची होते, म्हणून एकूण वर्षं तेवढीच राहतात. फरक पडतो तो त्या वर्षात प्रकल्प कोणाकडे आणि कोणत्या प्रयोगशाळेत होणार यावर. यूजीसीच्या नियमाप्रमाणे असा अभ्यासक्रम चालवणाऱ्या विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. चौथ्या वर्षाची फी भरण्यापूर्वी विभागप्रमुखांना त्या दोघांची नावं विचारा, त्यांच्याकडे या वर्षी किती विद्यार्थी आहेत ते विचारा, आणि रसायनांचा खर्च विभाग करणार की विद्यार्थी, तेही विचारून घ्या.